आराखडा होण्याआधी गावाने काय करावं

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरावर पडतं, तिथून कुंडलिकेत उतरतं आणि कोलाड, रोहा ओलांडून रेवदंड्याच्या खाडीत अरबी समुद्राला मिळतं. मुळेच्या मूळ वाटेने गेलं असतं तर भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागरात पोचलं असतं. म्हणजे मुळशीचं समुद्राशी नातं शंभर वर्षांपूर्वीच जोडलं गेलं, आणि तेही गावांना न विचारता. पण या लेखात मालवणच्या सागरी अभयारण्याची गोष्ट येणार आहे, तिचं कारण पाणी नाही, कायदा आहे. मुळशीजवळचं ताम्हिणीचं जंगल आणि मालवणचा समुद्र कायद्याच्या एकाच कलमाखाली येतात, आणि त्या कलमातली खोच दोन्हीकडच्या लोकांना सारखीच भोवते.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात अभयारण्य जाहीर करण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली लांबची. सरकार आधी इरादा जाहीर करतं. जिल्हाधिकारी त्या भागातल्या आणि आसपासच्या प्रत्येक गावात प्रादेशिक भाषेत जाहीरनामा लावतो, लोकांना आपले हक्क लेखी मांडायला दोन महिने मिळतात, त्यांची चौकशी होते, आणि कलम 24 नुसार काही हक्क अभयारण्यातही चालू ठेवता येतात. दुसरी वाट कलम 26-अ ची, आखूड. क्षेत्र आधीपासून राखीव वन असेल किंवा प्रादेशिक समुद्राचा भाग असेल, तर ही हक्कांची चौकशी पुन्हा करण्याची गरज कायद्याला वाटत नाही. राखीव वन करताना हक्कांचा निवाडा झालाच होता, असं त्यामागचं गृहीत. तो निवाडा बहुतेक ठिकाणी इंग्रजांच्या काळात झाला, आणि डोंगरावरच्या किती वाड्यांना त्याची खबर होती हे वेगळं सांगायला नको.

समुद्रासाठी त्याच कलमात एक जादा अट आहे. हद्द ठरवताना नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाचा सल्ला घ्यायचा आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित जपण्यासाठी पुरेशी उपाययोजना करायची. ही अट 1991 च्या दुरुस्तीने आली. मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं 1987 च्या एप्रिलमध्ये. चार वर्षांचा हा उलटा क्रम मालवणच्या मच्छीमारांना महागात पडला.

क्षेत्र 29.122 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.182 चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या आसपासचा. प्रवाळ आणि खडकांच्या आश्रयाने वाढणारे मासे वाचवायचे, हा हेतू चांगलाच होता. पण ज्या पाण्यात रेषा आखली तिथे आधीपासून लोक मासे धरत होते. रापण ओढणाऱ्यांना भीती वाटली की किनाऱ्यावरचं आपलं जाळं बंद होईल आणि बाहेर ट्रॉलर, पर्ससीन मात्र मोकळे राहतील. भीती अवास्तव नव्हती. गरीब मच्छीमाराला अडवणं सोपं, कारण तो किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर असतो. विरोध वर्षानुवर्षं चालला, आणि अभयारण्य बराच काळ नकाशावर जितकं होतं तितकं पाण्यात नव्हतं. मधल्या काळात पर्यटन वाढलं, किल्ल्याभोवती स्नॉर्केलिंगच्या होड्या वाढल्या, प्रवाळावर नांगर पडू लागले. या वापराला शिस्त लावायची तर मच्छीमारांची साथ हवी होती, आणि नेमकी तीच पहिल्या दिवशी गमावलेली.

पुढे 2011 पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर प्रकल्प आला, राज्याच्या कांदळवन कक्षाने तो चालवला, आणि चर्चेची सुरुवात अभयारण्याच्या रेषेऐवजी मासेमारीपासून झाली. जाळ्याचा आस चौकोनी ठेवला तर लहान मासळी निसटते, ट्रॉलरवाल्याचाही त्यात तोटा नाही, अशा गोष्टी बंदरावर बसून बोलल्या गेल्या. पर्ससीनवर राज्याने 5 फेब्रुवारी 2016 च्या निर्णयाने निर्बंध आणले. पारंपरिक मच्छीमारांची ही कितीतरी जुनी मागणी. रापणकाराच्या तक्रारीचा गाभा इथेच होता. तो मान्य झाल्यावर बाकीचं बोलणं शक्य होतं. माझं मत असं, की 1987 मध्येच ही चर्चा आधी आणि रेषा नंतर असं झालं असतं, तर मालवणची पंचवीस वर्षं वाचली असती.

आता मुळशीकडे येऊ. ताम्हिणी अभयारण्य 2013 साली जाहीर झालं, सुमारे 49 चौरस किलोमीटरचं, पुणे आणि रायगड जिल्ह्यांच्या सीमेवर. शेकरू, सदाहरित जंगलाचे पट्टे, देवराया, पावसाळ्यातले धबधबे आणि त्या धबधब्यांखाली शनिवार-रविवारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रांगा, असा सगळा संसार त्याच्या आत आणि भोवती आहे. घोषणा होऊन गेली आहे; तिच्यावर हरकत घेण्याची वेळही गेली. गावाला बोलण्यासाठी उरलेली जागा म्हणजे व्यवस्थापन आराखडा. हा दस्तऐवज साधारण दहा वर्षांसाठी होतो आणि मुदत संपली की पुन्हा लिहिला जातो. गुरं कुठे चरतील, पायवाटा कुठल्या खुल्या राहतील, जाळरेषा कुठे काढायच्या, पर्यटक कुठवर जातील, वणव्यासाठी माणसं कुठल्या गावातून घ्यायची, हे सगळं त्यात ठरतं. घोषणेची बातमी होते. आराखड्याची होत नाही. रोजच्या जगण्यावर परिणाम मात्र आराखड्याचा होतो.

इथे गावाच्या हातात एक नवी चावी आली आहे, आणि ती अजून फारशी कुणी वापरत नाही. वन्यजीव कायद्याची 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिने कलम 33 बदललं. अनुसूचित क्षेत्रात, किंवा जिथे 2006 चा वनहक्क कायदा लागू आहे तिथे, अभयारण्याचा आराखडा संबंधित ग्रामसभेशी रीतसर विचारविनिमय करून तयार करायचा आहे. मुळशी तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही, जुन्नर-आंबेगावचा काही भाग येतो; त्यामुळे ‘आपल्याला पेसा नाही, मग ग्रामसभेला कोण विचारतो’ असं तालुक्याच्या गावी, पौडला, सहज ऐकू येतं. पण वनहक्क कायद्याला पेसाची, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या कायद्याची, अट नाही. कातकरी, महादेव कोळी यांच्याबरोबरच तीन पिढ्यांपासून जंगलावर अवलंबून असलेले इतर पारंपरिक वननिवासीही त्यात येतात. तेव्हा पहिलं काम हे: आराखड्याचं नूतनीकरण केव्हा आहे, हे वन्यजीव विभागाला ग्रामपंचायतीच्या पत्राने विचारा, आणि त्याच पत्रात कलम 33 चा उल्लेख करून विचारविनिमयाची तारीख मागा. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, चालू आराखड्याची प्रत मागा. तीस दिवसांची मुदत त्यांना बांधील आहे.

हे करण्याआधी गावात एक घोळ निस्तरावा लागेल. मुळशीच्या पश्चिम भागात सध्या तीन वेगवेगळ्या रेषांची चर्चा एकाच नावाने होते. एक अभयारण्याची हद्द, तिच्यावर वन्यजीव कायदा चालतो. दुसरी अभयारण्याभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन, तो पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकार जाहीर करतं. तिसरी पश्चिम घाटाची. तिच्यासाठी डॉ. माधव गाडगीळ समितीचा आणि नंतर डॉ. कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आला आणि 2014 ते 2024 या काळात केंद्राने सहा वेळा मसुदा काढला. सहावा 31 जुलै 2024 चा. त्यात महाराष्ट्राचं 17,340 चौरस किलोमीटर क्षेत्र धरलेलं आहे. तिन्हींचे नियम वेगळे, तिन्हींचा पत्ता वेगळा. सभेत कुणी ‘झोन आला की घराला वीट लावता येणार नाही’ म्हणालं, तर कुठल्या झोनची गोष्ट चालू आहे हे आधी विचारा. इको सेन्सिटिव्ह झोनच्या अधिसूचनांचा साचा बहुतेक ठरलेला आहे. खाणी आणि खडी क्रशरवर बंदी, नव्या हॉटेल-रिसॉर्टवर मर्यादा, आणि स्थानिकांना स्वतःच्या जमिनीत स्वतःच्या वापरासाठी घर बांधायला, चालू शेती करायला मुभा. मसुदा वाचल्याशिवाय हे पटत नाही, आणि मसुदा इंग्रजीत असतो हीच अडचण. म्हणून गावातल्या शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला ते काम द्या. फक्त नियमांची पानं आणि गावांची यादी, एवढंच मराठीत उतरवायचं. सगळ्या मसुद्याची गरज नाही.

भाषेचा मुद्दा हक्काचा आहे हेही लक्षात असू द्या. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या 2020 च्या मसुद्यावेळी दिल्ली उच्च न्यायालयाने तो आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या, म्हणजे 22 भाषांमध्ये उपलब्ध करून द्यायला सांगितलं आणि हरकतींची मुदतही वाढवली. आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणं मांडण्याचा अर्ज केंद्राकडेही मराठीत करता येतो. इंग्रजी येत नाही म्हणून वकिलाकडे धाव घेण्याची गरज नाही.

केंद्राच्या मसुद्यावर हरकती द्यायला 60 दिवस मिळतात, राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्या त्या दिवसापासून मोजून. साठ दिवस कागदावर पुष्कळ वाटतात. गावात खबर पोचायला पंधरा-वीस जातात, मग आवणी किंवा लगीनसराई मध्ये येते, आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी छापील अर्जावर सह्या गोळा करत फिरतं. अशा छापील अर्जांचं काय होतं, तर ते मोजले जातात. पाचशे अर्ज एकाच मजकुराचे असले तर अहवालात एक ओळ येते: ‘अनेक ग्रामस्थांनी विरोध दर्शवला.’ आकड्याला राजकीय वजन असतं हे खरं, आणि कधी कधी तेवढंच हवं असतं. पण आराखड्यातलं एखादं वाक्य बदलायचं असेल तर आकडा उपयोगी पडत नाही.

समजा एखाद्या वाडीला चराईची काळजी आहे. ‘अभयारण्य आमच्यावर लादले जात असून त्यास आमचा तीव्र विरोध आहे’ असं लिहिलं तर वनाधिकाऱ्याला त्यावर करता येण्याजोगं काहीच नसतं. त्याऐवजी असं लिहा: ‘आमच्या वाडीची इतकी गुरे आषाढापासून आश्विनापर्यंत अमुक कक्ष क्रमांकात चरतात. त्या काळात खाचरे भाताखाली असल्याने खाली चराई नसते. आराखड्यात या कक्षात सरसकट बंदी न घालता गुरांची संख्या आणि महिने ठरवून द्यावेत. मार्च ते मे अमुक पाणवठ्याभोवती आम्ही गुरे सोडणार नाही.’ कुठे, केव्हा, किती, का, आणि बदल्यात काय, एवढं चार ओळींत आलं. कायद्याचा आधारही आहे. अभयारण्यातली चराई मुळातच गुन्हा आहे असा समज सगळीकडे पसरलेला आहे. कलम 33 मुख्य वन्यजीव रक्षकाला चराई नियंत्रित करण्याचा किंवा थांबवण्याचा अधिकार देतं, आणि त्याने परवानगी दिलेली चराई कलम 29 च्या मनाईत मोडत नाही. 2022 च्या दुरुस्तीने त्याच कलमात स्थानिकांचा पिण्याचा आणि घरगुती पाण्याचा वापरही स्पष्टपणे मोकळा ठेवला. डोंगरातल्या झऱ्यावरून पाइप आणलेल्या वाड्यांनी हे वाक्य अर्जात जरूर घालावं. वाळलेली लाकडं आणि गवताच्या बाबतीत मात्र सर्वोच्च न्यायालयाचा 14 फेब्रुवारी 2000 चा मनाई आदेश आड येतो. तिथे वनहक्क कायद्याचा सामूहिक दावा हीच खरी वाट, साधी विनंती पुरणार नाही.

हिरडा, शिकेकाई, करवंद, मध यांच्यासाठीही हीच रीत. महिन्यांचं एक वेळापत्रक करा: कोण काय गोळा करतं, कुठून, कुठल्या महिन्यात. हे काम ग्रामपंचायतीच्या कचेरीत बसून होत नाही. गावकीत ज्यांचा आवाज चालतो ते बहुतेक जमीनदार पुरुष, आणि जंगलाशी रोजचा संबंध ज्यांचा ते कातकरी, धनगर आणि सरपणाला जाणाऱ्या बाया. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आराखड्यावरची सभा फेब्रुवारीत लावली तर ज्यांचं सगळ्यात जास्त अडलंय तेच तिथे नसतील, आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहिलं जाईल. मालवणात सभेला उत्तम काळ म्हणजे 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी. होड्या किनाऱ्यावर असतात, माणसं मोकळी असतात. मुळशीत नेमके तेच महिने लावणीचे. इथे भात पोटरीत येऊन कापणीला उभं राहीपर्यंतचा, भाद्रपद-आश्विनाचा काळ बरा. विभागाने दुसरीच तारीख दिली तर लेखी पत्र देऊन बदलून मागा, कारण लिहून. कारण लिहिलेलं पत्र फाइलला लागतं आणि पुढे कामाला येतं.

ठराव कसा करायचा, हे बारकाईने पाहा. साध्या ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी संख्या. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. आराखड्याच्या ठरावासाठी मी दुसरी, कडक गणपूर्ती धरायला सांगेन. पुढे कुणी ठरावाच्या वैधतेवर बोट ठेवलं तर उत्तर तयार असतं. शक्य असेल तिथे सभा महसुली गावाऐवजी वाडीवर घ्या. महिला सभा आदल्या दिवशी घ्यायची पद्धत आहे, ती उरकून टाकू नका. पायवाट बंद झाल्याचा त्रास कुणाला होतो हे तिथेच कळतं. ठरावाला नकाशा जोडा, हाताने काढलेला चालेल, पण त्यावर कक्ष क्रमांक आणि गट क्रमांक हवेत. ग्रामपंचायतीची लोकजैवविविधता नोंदवही झाली असेल तर तिची संबंधित पानं जोडा. नसेल झाली, तर जैवविविधता व्यवस्थापन समितीला कामाला लावायला याहून चांगलं निमित्त मिळणार नाही. देवराईंची नोंद त्यात आवर्जून करा. सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकातच मांडला होता, तेव्हा देवराई म्हणजे गावाने आधीपासून राखलेलं जंगल आहे, हे कुठल्याही वनाधिकाऱ्याला पटवून द्यावं लागत नाही. तिथली जत्रा, नवस आणि वाट आराखड्यात लिहून घ्यायची, एवढंच.

पर्यटनाबद्दल गावात दोन तट पडतील, आणि ते पडू द्यावेत. घाटात भजी-मक्याची टपरी चालवणारा आणि पार्किंगमुळे बांध तुडवला गेलेला, दोघंही गावचेच. मधला मार्ग असा की प्रवेश कुठून, दिवसाला किती गाड्या, शुल्कातला गावाचा वाटा किती, अपघात झाला तर दोर घेऊन कोण उतरणार, हे ठरावात लिहायचं. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास गाव 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साथीने समुद्री कासवांची अंडी राखतं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले. तिथला किनारा काही अभयारण्य नाही. पैसा आणि राखण एकाच माणसांच्या हातात राहिली, म्हणून ते टिकलं असं मला वाटतं. ताम्हिणीत हॉटेलवाल्याच्या हातात पैसा आणि गावाच्या हातात कचरा अशी वाटणी होऊ द्यायची नसेल, तर बोलायची जागा आराखड्याचं पर्यटनाचं प्रकरण हीच आहे.

अर्ज द्यायला गेलात की पोच घ्या. आवक क्रमांक आणि तारीख असलेला शिक्का दुसऱ्या प्रतीवर. केंद्राच्या मसुद्यावरची हरकत टपालाने पाठवायची तर स्पीड पोस्टाने, पत्ता: सचिव, पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्रालय, इंदिरा पर्यावरण भवन, जोर बाग रोड, नवी दिल्ली 110003. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक तालुक्याच्या आमदारांना. आमदारांना देण्याचं कारण शोभेचं नाही. कलम 33-ब नुसार प्रत्येक अभयारण्याला सल्लागार समिती असायची आहे. तिच्यात त्या मतदारसंघातला विधिमंडळ सदस्य, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थांचे दोन, वन्यजीव संवर्धनात काम करणाऱ्या तीन व्यक्ती, आणि सदस्य-सचिव म्हणून अभयारण्याचे अधिकारी असतात. पंचायतीच्या त्या तीन खुर्च्यांवर कोण बसलंय, हे आसपासच्या किती सरपंचांना ठाऊक आहे? ते शोधून काढा. समिती नेमलेलीच नसेल तर तसं लेखी विचारा. नेमली असेल तर मागच्या बैठकांची इतिवृत्तं माहिती अधिकारात मागवा आणि आपल्या ठरावाचा विषय पुढच्या बैठकीत घ्यायला सांगा. इको सेन्सिटिव्ह झोन अंतिम झाला तर त्याचीही देखरेख समिती येते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली, आणि झोनचा विभागीय आराखडा दोन वर्षांत स्थानिकांशी चर्चा करून करायचा असतो. म्हणजे पुन्हा तेच वेळापत्रक, तोच नकाशा, तोच ठराव उपयोगी पडेल.

त्यासाठी हे सगळे कागद एका फाइलमध्ये, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा आणि दुसरी प्रत शाळेत किंवा तरुण मंडळाकडे. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, वनक्षेत्रपाल त्याहूनही आधी. 1921 च्या रामनवमीला मुळशीत धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, त्याआधी मालकांना न विचारता शेतांत चर खणले गेले होते, आणि तेव्हा हरकत घ्यायला मावळ्यांजवळ सेनापती बापटांसारख्यांच्या मागे उभं राहण्यापलीकडे काही नव्हतं. आज कलम आहे, मुदत आहे, आवक क्रमांक आहे. फाइलच्या पहिल्या पानावर चालू आराखडा कुठल्या वर्षी संपतो ते मोठ्या अक्षरात लिहा, आणि त्याच्या दोन वर्षं आधीच्या आश्विनात वाडीवर पहिली सभा लावा.